उरणच्या दमट उकाड्यात छोटा कूलर घ्यायचा का? पैसे मोजण्याआधी एवढं बघा

उरण : मार्च उजाडला की मोबाईलवर ठराविक जाहिराती सुरू होतात. टेबलावर मावेल एवढा पांढरा डबा, वर हँडल, पुढून धुकं बाहेर पडतंय आणि खाली लिहिलेलं असतं, 'मिनी एसी', 'दोन मिनिटांत खोली थंड'. किंमत पाचशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत. मोबाईलच्या चार्जरवर चालतो, वीजबिल नाही, भिंत फोडायची नाही. पत्र्याच्या घरात दुपारी अंगाची काहिली होत असताना कुणालाही वाटेल, घेऊन टाकू या.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. कूलर चांगला की वाईट हे जितकं कंपनीवर असतं, तितकंच तो कुठल्या गावात चालणार यावरही असतं. अकोल्यात वरदान ठरणारं यंत्र करंजा, मोरा, केगाव, नागावात नुसता ओला पंखा ठरू शकतं. घरात म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर ही चूक फक्त पैशांची राहत नाही.

माठ काय सांगतो

कूलर कसा चालतो हे कळायला माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं आणि बाहेरच्या हवेत सुकतं. सुकताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. कूलरमध्येही हेच घडतं. पॅड ओलं होतं, पंखा त्यातून हवा खेचतो, पाणी सुकतं आणि हवा गार होऊन बाहेर येते. यात कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. गारवा येतो तो फक्त पाणी सुकण्यातून.

आता पावसाळ्यातला माठ आठवा. जुलैत माठातलं पाणी गार लागत नाही, कारण हवेतच इतकी वाफ असते की माठाचं पाणी सुकायला जागाच उरत नाही. किनाऱ्यावर थोड्याफार फरकाने हीच अवस्था एप्रिल-मेमध्येही असते. दुपारी खारे वारे सुटतात, समुद्रावरची वाफ घेऊन येतात आणि अंग चिकचिक करायला लागतं. अंगावरचा घाम सुकत नाही म्हणूनच तर उकडतं. जिथे घाम सुकत नाही तिथे कूलरच्या पॅडमधलं पाणी तरी कसं सुकणार?

आकड्यात सांगायचं तर, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या पॅडमधून गेलेली हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. कूलर अगदी शंभर टक्के काम करत नाही, तरी चांगला मोठा कूलर १४-१५ अंशांचा फरक सहज पाडतो. म्हणून तिकडे होळी झाली की घराघरातून कूलर बाहेर निघतात, गवताचे नाहीतर वाळ्याचे पॅड बदलले जातात.

उरणला पारा ३४ आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तीच हवा कितीही केलं तरी २९ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे उत्तमातल्या उत्तम कूलरला जास्तीत जास्त पाच अंशांची जागा, त्यातही प्रत्यक्षात हाती येतात तीनेक अंश. आणि त्या बदल्यात खोलीत आणखी ओलावा. थोडा वेळ बरं वाटतं, तासाभरात चादर ओलसर लागायला लागते.

इथे कुणी म्हणेल, मग आपल्या मिठागरांत पाणी सुकतं ते कसं? ते सुकतं, कारण उथळ वाफ्यात पसरलेल्या पाण्यावर दिवसचे दिवस ऊन तापतं. पाणी सुकवणारी उष्णता तिथे उन्हाची असते. कूलरला ती उष्णता खोलीतल्या हवेतून ओढायची असते, तीही पंख्यासमोरून हवा जाईपर्यंतच्या क्षणात.

छोट्या डब्याची ताकद किती

हवा कोरडी असली तरी हा छोटा डबा किती काम करेल, हेही बघू. त्याची टाकी साधारण अर्धा-पाऊण लिटरची. समजा ६०० मिली पाणी चार तासांत पूर्ण सुकलं, तर त्यातून मिळणारा गारवा साधारण १०० वॅटच्या तोडीचा असतो. आणि माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या अंगातून साधारण तेवढीच उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे खोलीत एक पाहुणा येऊन बसला की डब्याने केलेलं काम फिटलं. एक टनाचा एसी याच्या ३५ पट, म्हणजे सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यामुळे 'मिनी एसी' हे नाव ऐकून फसू नये. यात एसीचं काहीही नसतं.

जाहिरातीत बर्फ टाकायला सांगतात. अर्धा किलो बर्फ वितळून जो गारवा मिळतो तो तासाभरासाठी जेमतेम ४५-५० वॅटचा. शिवाय तो बर्फ त्याच घरातल्या फ्रीजमध्ये केलेला असेल तर फ्रीजने मागच्या बाजूने त्याहून जास्त उष्णता आधीच घरात सोडलेली असते.

यातले काही डबे तर पॅडही वापरत नाहीत. आतली एक चकती पाण्याला थरथरवून त्याचं बारीक धुकं करते. दिसायला छान दिसतं, पण दमट खोलीत ते धुकं सुकतच नाही, अंगावर आणि अंथरुणावर बसतं. बोअरवेलचं मचूळ किंवा क्षाराचं पाणी टाकलं तर टेबलावर, मोबाईलवर पांढरी भुकटी साचते आणि तीच श्वासातही जाते. दम्याचा त्रास असणाऱ्याच्या उशाशी असलं यंत्र ठेवू नये.

मग या डब्याचा उपयोग शून्य का? तसंही नाही. तोंडासमोर दीड-दोन फुटांवर ठेवून अभ्यासाला किंवा शिवणयंत्रावर बसलं तर वारा लागतो. पण तेवढं काम तीनचारशे रुपयांचा छोटा टेबल पंखा करतो, आणि त्याचा वारा जास्त असतो.

आपल्या घरात चालेल का, हे कसं ओळखायचं

मोबाईलमधल्या हवामानाच्या अॅपमध्ये तापमानाबरोबर आर्द्रता दिलेली असते. चार-पाच दिवस दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता ती बघून लिहून ठेवा. दुपारची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहत असेल तर कूलर चांगला चालेल. ४० ते ६० च्या मध्ये असेल तर खिडकी उघडी ठेवून थोडाफार. ६० च्या वर असेल तर कूलरचा नाद सोडलेला बरा. रात्री ही आर्द्रता आणखी वाढते, आणि झोपताना गारवा हवा म्हणूनच तर बहुतेक जण कूलर घेतात.

अॅपवर भरवसा नसेल तर जुनी पद्धत आहे. दोन सारखे थर्मामीटर घ्या, भिंतीवर लावायचे, तापाचे नव्हे. एकाच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर पाच-दहा मिनिटं ठेवा. दोघांत दहा-बारा अंशांचा फरक आला तर कूलर घ्यायला हरकत नाही. चार-पाच अंशांचाच आला तर पैसे खिशात ठेवा. तेही नको असेल तर घरातला माठ बघा. दुपारी माठाचं पाणी गार लागत नाही त्या घरात कूलरही गार लागणार नाही.

दुकानात चालवून बघितलं, छान गार वाटलं, असं बरेच जण सांगतात. पनवेल किंवा वाशीच्या मोठ्या दुकानात एसी चालू असतो. एसीने आधीच गार आणि कोरडी केलेल्या हवेत कूलर गार लागणारच. चाचणी करायची तर दुकानाच्या बाहेर, फुटपाथवर प्लग लावून मागा.

उरणमध्ये कूलर चालतो असे काही दिवस जरूर असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, दुपारपर्यंत टिकला तर खारे वारे उशिरा येतात. तेव्हा कोकण किनाऱ्यावर पारा एकदम ३८-३९ वर जातो आणि हवा कोरडी पडते. त्या दिवसांत ओलं पॅड चांगलं काम करतं. पण असे दिवस मोजके. खाऱ्या वाऱ्यापासून जरा आत, डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांना ते थोडे जास्त मिळू शकतात, म्हणून चिरनेर-दिघोडे पट्ट्यातल्या वाचकांनी आर्द्रतेची नोंद करून मगच निर्णय घ्यावा. उरण शहरातल्या शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये, आणि अकोल्याच्या पाहुण्याच्या तर मुळीच नाही.

बंद खोली आणि म्हातारी माणसं

कूलर लावला की दारं-खिडक्या बंद करायची सवय एसीमुळे लागली आहे. कूलरच्या बाबतीत ती उलटी पडते. आतली ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर अर्ध्या-पाऊण तासात खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते, घाम सुकणं थांबतं आणि शरीराची स्वतःला गार ठेवण्याची यंत्रणाच बंद पडते. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं शरीर लवकर कोरडं पडतं. अशा माणसाला बंद खोलीत कूलरसमोर ठेवून घरची मंडळी कामाला गेली, तर सोय म्हणून आणलेली वस्तू घातक ठरू शकते.

दमट उष्म्याला हलक्यात घेऊ नये हे या भागाला नव्याने सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात एवढ्या तापमानाची बातमीही होत नाही, पण इथे उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. हवामान खातंसुद्धा किनारपट्टीसाठी वेगळी फूटपट्टी लावतं. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ पासून.

अंग भट्टीसारखं तापलेलं आहे, बोलणं असंबद्ध होतंय, माणूस गुंगीत जातोय अशी लक्षणं दिसली तर कूलर-पंख्याची चर्चा नको. १०८ ला फोन करा, माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

मग पैसे कशावर घालायचे

दमट हवेत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जोराचा वारा. वारा हवा थंड करत नाही, पण अंगावरचा घाम सुकवतो. त्यामुळे दोन हजारांच्या बजेटमध्ये मिनी कूलरऐवजी भिंतीवरचा किंवा उभा पंखा घेणं केव्हाही चांगलं. दुपारी अंगावर ओला पंचा घेऊन पंख्यासमोर बसलं की झाला व्यक्तिगत कूलर, आणि या कूलरचं पॅड थेट कातडीवर असतं. हवा ४० अंशांच्या पुढे गेली तर मात्र नुसता पंखा गरम हवा मारतो, तेव्हा अंग ओलं ठेवणं आलंच.

छताचा जुना पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी मोटरचा घ्यावा. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढचा दर चढा लागतो, त्यामुळे काठावरच्या घरांना हा फरक चांगला जाणवतो. २०२३ पासून छताच्या पंख्यावर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या. सारखी लाईट जाते त्या भागात बॅटरीवरचा चार्जिंग पंखा उपयोगी. त्याची बॅटरी किती मिलीअँपिअरची आहे आणि पूर्ण वेगावर किती तास चालतो, हे दोन्ही विचारा. जाहिरातीतला तासांचा आकडा बहुतेक वेळा सर्वांत कमी वेगाचा असतो.

पत्र्याचं घर असेल तर खरा शत्रू वरचा पत्रा आहे. तापलेला पत्रा वरून विस्तवासारखी धग टाकत राहतो आणि खाली कुठलाही कूलर तिच्यापुढे टिकत नाही. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारणं, आतून थर्माकोलचं किंवा बांबूच्या चटईचं छत करणं, वर हिरवी जाळी ताणणं, हे खर्च एकदाच होतात आणि खोलीतल्या सगळ्यांना मिळतात. रात्री बाहेरची हवा उतरली की एका खिडकीत पंखा बाहेरच्या तोंडाने लावून आतली कोंडलेली हवा बाहेर ढकलली तरी मोठा फरक पडतो.

गळ्यात अडकवायच्या पंख्यांचीही सध्या चलती आहे. त्यातल्या महागड्या प्रकारात मानेला टेकणारी धातूची पट्टी विजेवर गार होते. मान गार लागते हे खरं. पण पट्टीची उष्णता तिथेच बाजूने बाहेर पडते आणि बॅटरी दोन-तीन तासांत बसते. बंदरात, कंटेनर यार्डात उभ्याने काम करणाऱ्याला थोडा आराम मिळेल, त्याहून जास्त अपेक्षा नको.

चाकांवरचा पोर्टेबल एसी ही खरी थंड करणारी वस्तू, पण तीस हजारांच्या पुढेमागे जाते आणि त्याच्या मागचा जाड पाइप खिडकीबाहेर काढावाच लागतो. पाइप खोलीतच ठेवला तर खोली उलट तापते. एवढे पैसे असतील आणि भिंत स्वतःची असेल तर साधा इन्व्हर्टर स्प्लिट एसी कमी विजेत जास्त काम करतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनाच पोर्टेबलचा विचार करावा लागतो.

तरीही कूलरच घ्यायचा ठरला तर

आर्द्रतेचं गणित जमत असेल तर निदान २०-३० लिटरचा घ्या. खोक्यावर हवेचा आकडा बघा. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीला तासाला साधारण ८५० घनमीटर हवा फेकणारा कूलर लागतो. हा आकडाच खोक्यावर नसेल तर ती वस्तू कूलर म्हणून घेऊ नये. जाळीदार कागदी पॅड गवताच्या पॅडपेक्षा महाग पडतं पण टिकतं. कूलरसाठी भारतीय मानक आयएस ३३१५ आहे, त्याचा उल्लेख आहे का ते बघा. आणि इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी बॉडी दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, म्हणून प्लास्टिकचीच घ्या.

प्लास्टिक घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे शॉक. लोखंडी कूलरला हात लावला आणि माणूस चिकटला, अशा बातम्या विदर्भातून दर उन्हाळ्यात येतात. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय पाण्याचं कुठलंही यंत्र लावू नका. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

पाण्याचाही विचार करा. कोरड्या हवेत मोठा कूलर तासाला तीन-चार लिटर पाणी सहज पितो. मे महिन्यात रानसई धरण तळाला लागलं आणि पाणी दिवसाआड आलं की हंडा कूलरला द्यायचा की स्वयंपाकाला, हा प्रश्न घरोघर पडतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

ऑनलाइन घेताना

जाहिरातीतल्या लिंकवरून अनोळखी साइटवर आधी पैसे भरू नका. विक्रेत्याचं नाव, पत्ता, माल कुठल्या देशात बनला आणि तक्रार अधिकारी कोण, ही माहिती देणं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नियमाने बंधनकारक आहे. ती नसेल तर पुढे जाऊ नका. माल परत घ्यायची मुदत किती दिवस आहे आणि 'परत' म्हणजे पैसे परत की फक्त वस्तू बदलून, हे आधीच वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, पक्कं बिल घ्या.

'दोन मिनिटांत खोली थंड' असं सांगून विकलेला डबा खोली थंड करत नसेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. तिथे निपटारा झाला नाही तर रायगड जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो.